आवारातला चेंडू

२०२६ सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांकडे एकत्रितपणे सोपविण्यात आले. संघ ४८, सामने १०४; पहिला सामना ११ जून रोजी मेक्सिको शहरात आणि अखेरचा १९ जुलै रोजी न्यूयॉर्कलगतच्या न्यू जर्सी राज्यात, असा तिचा विस्तार. १९९४ साली हीच स्पर्धा अमेरिकेत झाली तेव्हा संघ २४ होते. म्हणजे बत्तीस वर्षांत विश्वचषकाचे दार नेमके दुप्पट रुंद झाले. आशिया खंडाला तर थेट प्रवेशाच्या आठ जागा मिळाल्या. इतके होऊनही त्या ४८ नावांत भारताचे नाव नाही. जून २०२४ मध्ये, पात्रता सामन्यांच्या दुसऱ्या फेरीतच आपल्या संघाचा प्रवास संपला. दोहा येथील अखेरच्या सामन्यात सीमारेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर कतारला गोल बहाल करण्यात आला, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला व तो रास्तही होता. परंतु त्याच फेरीत अफगाणिस्तानकडून आपण गुवाहाटीत, घरच्या मैदानावर हरलो होतो, ही गोष्ट त्या संतापात वाहून गेली.

त्या यादीतील काही नावे मात्र विचार करायला लावणारी आहेत. केप व्हर्दे हा अटलांटिक महासागरातील बेटांचा देश. लोकसंख्या सुमारे पाच लाख. गोव्याप्रमाणेच तेथेही पोर्तुगीजांचे राज्य होते; गोवा १९६१ साली मुक्त झाला, केप व्हर्दे १९७५ साली. कुरासाव या कॅरिबियन बेटाची लोकसंख्या तर जेमतेम दीड लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील नाशिक शहराचा दहावा हिस्सा! या दोघांनीही २०२५ साली विश्वचषकात प्रथमच स्थान मिळविले. दारिद्र्याने व अंतर्गत हिंसाचाराने पोळलेल्या हैतीनेही १९७४ नंतर पहिल्यांदा तो पल्ला गाठला.

आमच्या सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातही विश्वचषकाच्या गोष्टी निघतात. रविवारच्या मिस्सेनंतर उभ्याउभ्या रंगणाऱ्या गप्पांत, कांद्याच्या लिलावाची वाट पाहताना, द्राक्षबागेच्या बांधावर, कोणी ना कोणी तो ठरलेला प्रश्न टाकतोच : एवढ्या मोठ्या देशात अकरा पोरे मिळू नयेत? उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, क्रिकेटने सारे गिळले. कोणी म्हणतो, आपली अंगकाठीच त्या खेळाला पुरत नाही. कोणी पैशाकडे बोट दाखवतो. आमच्या मते ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. अंगकाठीचे म्हणावे तर जपान आणि कोरिया काही धिप्पाडांचे देश नव्हेत. पैशाचे म्हणावे तर हैतीपाशी तो नाही आणि आपल्याकडे अलीकडे तो पुष्कळ आला. खरे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या कॅथोलिक समाजाच्या अंगणात घडलेला आहे. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडावासा वाटतो.

आवारात वाढलेला खेळ

फुटबॉलचे नियम १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले. परंतु तो खेळ गोरगरिबांच्या घरी पोहोचला तो बहुतेक ठिकाणी धर्मग्रामांच्या आणि शाळांच्या आवारांतून. ग्लासगो शहराच्या पूर्व भागात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश कॅथोलिक दाटीवाटीने राहत असत. त्यांच्या मुलांना एक वेळचे जेवण मिळावे, त्यासाठी निधी उभा राहावा, म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट धर्मबंधूंनी नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरी चर्चच्या सभागृहात एक फुटबॉल क्लब स्थापन केला. तोच सेल्टिक क्लब. पुढे १९६७ साली युरोपचा अजिंक्यपदाचा चषक सेल्टिकने जिंकला तेव्हा त्या अकराच्या अकरा खेळाडूंचा जन्म ग्लासगोपासून सुमारे तीस मैलांच्या परिघात झालेला होता.

दक्षिण अमेरिकेतील उदाहरण याहून आपल्या जवळचे वाटेल. ब्युनोस आयर्सच्या अल्माग्रो भागात काही मुले रस्त्यावर चेंडू खेळत. ट्रामखाली सापडता सापडता एक मुलगा वाचला. ते पाहून लॉरेन्झो मासा या सालेशियन धर्मगुरूंनी मुलांना आपल्या प्रार्थनालयाचे आवार खुले करून दिले. अट एवढीच की रविवारी मिस्सेला यायचे. १९०८ साली त्यातून सॅन लॉरेन्झो हा क्लब जन्मला. एप्रिल २०२५ मध्ये दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस लहानपणापासून अखेरपर्यंत याच क्लबचे निष्ठावान चाहते होते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

आणि या दोन्हींच्या आधीची गोष्ट गोव्याची. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी बार्देस तालुक्यातील शिवोली येथे मुलांना फुटबॉल शिकविण्यास सुरुवात केली. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेत त्यांनी हा खेळ शिक्षणाचा भागच करून टाकला. शरीराला वळण, मनाला शिस्त आणि दहा जणांसाठी स्वतःला विसरण्याची सवय, हे त्यामागचे सूत्र होते. त्या शाळांतून शिकलेली मुले गावोगाव शिक्षक म्हणून, पाद्री म्हणून, संगीतकार म्हणून गेली आणि चेंडूही त्यांच्याबरोबर गेला. भातकापणी झाली की शेते मोकळी होत. त्या शेतांतच गावागावांचे सामने रंगू लागले. कोणत्याही सरकारने यासाठी योजना आखली नव्हती.

१९५० : एक गेले, एक राहिले

आता १९५० सालाकडे वळू. त्या वर्षी ब्राझीलमध्ये भरलेल्या विश्वचषकाच्या यादीत अमेरिका आणि भारत ही दोन्ही नावे होती. दोन्ही देशांत हा खेळ मुख्य प्रवाहातला नव्हता असे म्हणता येईल. अमेरिकेत बेसबॉलचे राज्य होते, आपल्याकडे हॉकीचे आणि वाढत्या प्रमाणात क्रिकेटचे. दोघांनी घेतलेल्या वाटा मात्र भिन्न होत्या.

अमेरिकेच्या संघातील पाच जण सेंट लुइस या एकाच शहराचे. त्यांतील बोर्गी, कोलंबो, परियानी आणि वॉलेस हे चौघे तर ‘द हिल’ नावाच्या एकाच वस्तीतले. ही इटालियन स्थलांतरितांची वस्ती. मूळची मातीच्या खाणीत आणि विटांच्या कारखान्यांत राबणारी. सेंट अ‍ॅम्ब्रोज चर्चच्या सभोवती वसलेली. गोलरक्षक फ्रँक बोर्गी अंत्यसंस्काराची गाडी चालवीत असे. त्याच शहराचा हॅरी किओ टपाल वाटीत असे. फिलाडेल्फियाचा वॉल्टर बार शाळेत शिकवीत असे. न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता उपाहारगृहात भांडी घासणारा जो गेचन्स हा तरुण हैतीचा. असा हा संघ बेलो होरिझोन्ते येथे इंग्लंडसमोर उभा राहिला. तारीख होती २९ जून, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाची. इंग्लंड म्हणजे खेळाचे जन्मदाते. बिली राइट, टॉम फिनी यांच्यासारखे नामवंत त्यांच्याकडे. ३८ व्या मिनिटाला बारने मारलेल्या चेंडूला गेचन्सचे डोके लागले आणि अमेरिकेने तो सामना १-० असा जिंकला. जगाला धक्का बसला. अमेरिकेला मात्र त्याची फारशी दादच नव्हती. तेथे हजर असलेला एकमेव अमेरिकन वार्ताहरही सेंट लुइसचाच, रजा काढून गेलेला! गेचन्स पुढे हैतीत परतला. १९६४ साली हुकूमशहा दुव्हालिएच्या हस्तकांनी त्याला उचलून नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. २०२५ साली हैती पात्र ठरले तेव्हा आम्हांला पहिल्यांदा त्याची आठवण झाली.

भारताची हकिगत निराळी. आपल्या गटातून ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्याने एकही सामना न खेळता आपल्याला प्रवेश मिळाला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नावही पडले. ब्राझीलच्या संयोजकांनी प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी दाखविली होती. तरीही भारतीय संघ गेला नाही. ‘अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून आपण गेलो नाही’ ही कथा घरोघर सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळून फ्रान्सकडून केवळ २-१ असे हरले होते, त्यामुळे ही कथा चटकन पटतेही. पण ती खरी नव्हे. संघनिवडीतील मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ, ही कारणे महासंघाने त्या वेळी दिली होती. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही बुटांचे कारण पुढे नाकारले. वस्तुस्थिती अशी की विश्वचषकाचे मोल आपल्या धुरीणांना उमगले नव्हते. त्यांचे सारे लक्ष ऑलिम्पिककडे होते. अनवाणी पायांचे बिल अखेर १९५२ साली हेलसिंकीत फाडले गेले. थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरविले आणि मग बूट सक्तीचे झाले.

या दोन गोष्टींतून एक विसंगती ध्यानात येते. अमेरिकेत वरचे लोक उदासीन होते, पण खालची वस्ती जागी होती. आपल्याकडेही त्या वेळी खालचे मैदान जागेच होते. ते किती जागे होते, हे पुढच्या सहा वर्षांत दिसले.

बार्देसची गावे, मुंबईची मैदाने

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म १९३२ साली बार्देसमधील आसगावचा. घडले ते मुंबईत. मुंबईचे फुटबॉल तेव्हा ऐन बहरात होते. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात प्रथम गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने ती मोडली. नंतर टाटा, कॅल्टेक्स यांसारख्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देऊन संघ बांधू लागल्या. दिवसा काम, संध्याकाळी सराव आणि कूपरेजवर सामना, असा तो क्रम होता. १९५४ साली मुंबईने संतोष चषक जिंकला.

१९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. १ डिसेंबर रोजी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दोन दिवस आधी, यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. भारताने तो ४-२ असा जिंकला. त्या चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्रिक करणारे ते पहिले आशियाई ठरले. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. तो सामना आपण ४-१ असा गमावला व अखेर चौथे आलो; पण चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत आसगावच्या या सुपुत्राचे नाव लागले. सहा वर्षांनी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील फॉर्च्युनाटो फ्रँको हेही बार्देसमधल्याच कोलवाळचे, आणि मुंबईत टाटांकडून खेळलेले.

शिवोली, हडफडे, आसगाव, कोलवाळ. ही चारही गावे एकाच तालुक्यातील आहेत, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. १८८३ साली शाळेच्या आवारात रुजलेल्या बीजाला पहिले मोठे फळ यायला त्र्याहत्तर वर्षे लागली. मधल्या काळात शेते, चर्चची आवारे, कंपन्यांचे संघ आणि मुंबईतील गोवेकरांचे कूड यांनी ते जगविले. नेव्हिल डिसोझा १९८० साली, पन्नाशीही न गाठता, निवर्तले. वांद्र्याच्या एका मैदानाला आज त्यांचे नाव आहे. तेथे खेळणाऱ्या किती मुलांना ते नाव कोणाचे हे ठाऊक असेल, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा.

अमेरिकेने गिरवलेला धडा

१९५० च्या विजयानंतर अमेरिका पुन्हा विश्वचषकात दिसायला १९९० साल उजाडले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी एक मोठा प्रयोग केला आणि तो फसला. पैशाच्या बळावर पेले, बेकेनबाउर यांच्यासारखे तारे आणून न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबने सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक जमविले. याच कॉसमॉसला घेऊन पेले सप्टेंबर १९७७ मध्ये कलकत्त्याला आले आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्यांना २-२ असे बरोबरीत रोखले. तो दिवस बंगालने अजून जपून ठेवला आहे. परंतु ताऱ्यांवर उभी राहिलेली ती अमेरिकन साखळी स्पर्धा १९८४ च्या हंगामानंतर कोसळली. कळस चढविला होता. पाया कोणी भरला नव्हता.

पाया भरला जात होता तो दुसरीकडे, फारसा गाजावाजा न होता. सेंट लुइसमध्ये कॅथोलिक युवक मंडळाच्या स्पर्धांत धर्मग्रामाधर्मग्रामांची मुले खेळत. त्यांच्या जोरावर तेथील जेझुइट विद्यापीठाने १९५९ ते १९७३ या काळात राष्ट्रीय विद्यापीठीय अजिंक्यपद दहा वेळा पटकावले. टपाल वाटणारा तो हॅरी किओ पुढे याच विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. १९७२ साली शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा झाला. शाळा-महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले, आणि त्याचे फळ म्हणून अमेरिकन महिलांनी १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असे चार विश्वचषक जिंकले.

१९९४ ची स्पर्धा देताना जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, अमेरिकेकडून नवी व्यावसायिक स्पर्धा उभारण्याचे वचन घेतले. त्या विश्वचषकाला ५२ सामन्यांत सुमारे ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक आले. ६४ सामन्यांच्या २०२२ पर्यंतच्या कोणत्याही स्पर्धेला तो आकडा गाठता आला नाही. नवी स्पर्धा १९९६ मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली. सहा वर्षांत ती डबघाईला आली, दोन क्लब बंद करावे लागले. तेव्हा त्यांनी अवाढव्य मैदाने सोडून खेळापुरती लहान मैदाने बांधण्यावर भर दिला. कोलंबस शहराने त्याचा आरंभ १९९९ मध्येच केला होता. २०२५ मध्ये क्लबांची संख्या ३० झाली. मेस्सी तेथे २०२३ साली आला. पण तो आला तेव्हा घर आधीच उभे होते.

याचा अर्थ अमेरिकेत सर्व आलबेल आहे असा मुळीच नाही. तेथील जाणकारांचीच तक्रार आहे की मुलांच्या क्लबांची फी इतकी वाढली आहे की मजुरी करणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना ती परवडत नाही. ज्या वस्तीने १९५० चा संघ दिला तशाच वस्तीला आज दार बंद व्हावे, हा दैवदुर्विलास म्हणायचा! २०२६ च्या तिकिटांसाठी मागणीप्रमाणे चढणाऱ्या दरांची पद्धत आणण्यात आली. जगभर ओरड झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ६० डॉलरची काही तिकिटे राखून ठेवण्यात आली. गरिबांच्या पोरांनी मोठा केलेला खेळ गरिबांनी दुरून पाहावा, हे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

आमच्याकडचा कळस

आता आपल्या घरात डोकावू. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ हंगामांत राष्ट्रीय साखळीचे अजिंक्यपद एकदाही गोवा-मुंबईबाहेर गेले नाही. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड एकदा. सुमारे साडेचौदा लाख वस्तीच्या गोव्याने नऊपैकी आठ वेळा सारा देश जिंकावा, ही लायन्स गुरुजींच्या शाळेची पुण्याई नव्हे तर काय!

परंतु महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला. शतकाहून जुना रोव्हर्स चषक २००१ नंतर थांबला. २०१४ साली मोठा गाजावाजा करून नवी भारतीय साखळी सुरू झाली. परदेशी खेळाडू, झगमगाट, जाहिराती, सारे आले. जुन्या क्लबांना तीत दुय्यम स्थान मिळणार असे दिसताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. धेंपोही त्यांच्यामागून गेले. नव्या साखळीने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मैदाने सुधारली, खेळाडूंना चांगले वेतन मिळाले, दूरचित्रवाणीवर आपला खेळ दिसू लागला. पण तिचा सारा डोलारा २०१० साली झालेल्या पंधरा वर्षांच्या एका व्यापारी करारावर उभा होता. ८ डिसेंबर २०२५ रोजी तो संपला आणि एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम वर्ष सरले तरी सुरू झाला नाही. नेमक्या त्याच महिन्यात मेस्सी भारतात आला. कलकत्त्यात हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांना तो धड दिसलाही नाही. संतापून त्यांनी खुर्च्या मोडल्या. ज्या महिन्यात आपल्या खेळाडूंना खेळायला स्पर्धा नव्हती त्याच महिन्यात परदेशी पाहुण्याच्या दर्शनाला एवढी गर्दी व्हावी, यातच आपल्या फुटबॉलचे दुखणे आहे.

महाराष्ट्रातही एक मोठा दिवस झाला होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम शासनाने राबविला. पुढच्याच महिन्यात भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. नवी मुंबईतही सामने झाले. भारताचा पहिला सामना योगायोगाने अमेरिकेशीच होता आणि तो आपण ३-० असा हरलो. स्पर्धेला साडेतेरा लाखांच्या जवळपास प्रेक्षक आले. उत्साह खराच होता. शाळांना त्या वेळी मिळालेल्या चेंडूंचे पुढे काय झाले, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे. गोदावरीला पूर येतो तेव्हा चांदोरी-सायखेड्याच्या पुलावर बघ्यांची गर्दी होते, पाणी डोळ्यांत मावत नाही. पण पीक त्या पाण्यावर येत नाही. ते वर्षभर विहिरीतून उपसलेल्या पाण्यावर येते. एका दिवसाचे उपक्रम आणि एका महिन्याचे विश्वचषक हे पुराचे पाणी आहे.

आता आपल्या आवाराविषयी

इतका इतिहास मांडण्याचे कारण आता सांगतो. आपल्या धर्मग्रामांपाशी अजूनही जी थोडीफार मोकळी जागा आहे, ती झपाट्याने आटत चालली आहे. कोठे वाहनतळ झाला, कोठे शोभेची फरशी बसली, कोठे समारंभासाठी आवार भाड्याने जाऊ लागले. उत्पन्नाची गरज आम्ही नाकारीत नाही. छप्पर गळते तेव्हा पैसा लागतोच. पण ‘येथे खेळू नये’ अशी पाटी ज्या आवारात लागते, त्या आवारात पंधरा वर्षांच्या मुलाला मिस्सेखेरीज यायला कारण उरत नाही, आणि काही वर्षांनी मिस्सेलाही तो दिसेनासा होतो. मग तो कोठे दिसतो, हे गावातील आईबापांना आम्ही सांगायला नको.

कोणी म्हणतील, आपल्या भागात हा खेळच नाही. आपला मुलूख कबड्डीचा, कुस्तीचा आणि आता क्रिकेटचा. खरे आहे. पण शिवोलीतही १८८३ पूर्वी तो नव्हता. कोणी म्हणतील, जागा नाही. उन्हाळी कांदा निघाला की किती वावरे मोकळी पडतात! कोकणातील भातशेतासारखी आमची काळी माती सपाट राहत नाही, तिला भेगा पडतात, हे मान्य. परंतु ढेकळे फोडून, थोडा मुरूम टाकून, पाणी मारून रूळ फिरविला तर सात-सात जणांचा सामना रंगेल एवढे मैदान चार दिवसांत तयार होते. बांबूचे दोन खांब उभे केले की गोल झाला. कोणी म्हणतील, अभ्यास बुडेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी धावणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याचा बुडतो.

एवढे मात्र पाळावे. मैदान सर्व मुलांना खुले असावे, केवळ आपल्या धर्माच्या नव्हे. मेलबर्नच्या संघाचे प्रशिक्षक कोण होते आणि गोल कोणाचे होते, हे वर सांगितलेच आहे. मुलींना वेगळी व निश्चित वेळ द्यावी. अमेरिकेचे अर्धे यश मुलींचे आहे. फी घेऊ नये. दोन जबाबदार प्रौढ माणसे नेहमी हजर असावीत. आणि हे काम केवळ फादरांवर टाकू नये. त्यांची बदली होते, गाव मात्र तेथेच राहते. एखाद्या सणाच्या रोषणाईतून थोडे वाचविले तरी वर्षाचे चेंडू येऊ शकतील.

यातून भारत विश्वचषकाला जाईल काय? आम्ही तसे भाकीत करीत नाही. बार्देसला एका नेव्हिल डिसोझासाठी त्र्याहत्तर वर्षे थांबावे लागले. आणि मधल्या काळात जी हजारो मुले त्या शेतांत खेळली, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. पण ती धावली, पडली, हरली, एकमेकांना हात देऊन उठली आणि धट्टीकट्टी, सरळ मनाची माणसे झाली. तेवढ्यासाठीही हा खटाटोप करण्याजोगा आहे. महासंघ, कंपन्या, शासन आपापल्या वाटेने जातील. त्यांचे करार होतील नि संपतील. आपल्याकडे जुनी म्हण आहे, गाव करी ते राव न करी. येत्या उन्हाळ्यात, कांदा घरात आला की, एका धर्मग्रामाने एक मैदान करावे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.